घर का विकायचे आहे, हे आधी कागदावर लिहा

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे घर विकण्याची सूचना घेऊन येणारा सभासद कारणापुढे बहुधा दोनच शब्द लिहितो: ‘कौटुंबिक अडचण’. मी काही वर्षे हे मानद पद सांभाळले आणि त्या दोन शब्दांमागे मुलीचे परदेशातील शिक्षण, गुडघ्यांचे दुखणे, थकलेले हप्ते, वरच्या मजल्यावरून होणारी गळती किंवा सख्ख्या भावाशी धरलेला अबोला, यांपैकी काहीही असू शकते हे पाहिले. संस्थेला खरे कारण कळले नाही तरी तिचे काही अडत नाही. विकणाऱ्याला मात्र ते नेमके ठाऊक असावे लागते, कारण किंमत किती ताणून धरायची, किती महिने थांबायचे आणि पैसे कसे घ्यायचे, हे तिन्ही निर्णय आधी कारणावरून ठरतात आणि मग बाजारावरून.

हे मार्गदर्शन मुख्यतः महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत ज्यांचा फ्लॅट आहे त्यांच्यासाठी आहे. गावठाणातील घर, पागडीची खोली किंवा म्हाडाची सदनिका यांच्या विक्रीत आणखी काही अटी येतात. तरीही कारण तपासण्याची रीत तीच राहते.

चार प्रश्न, एका बैठकीत

एजंटला फोन करण्याआधी, ज्यांची ज्यांची सही खरेदीखतावर लागणार आहे त्या सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे लेखी काढावीत. पहिला प्रश्न असा की, घर आणखी सहा महिने विकले गेले नाही तर नेमके काय बिघडेल? दुसरा, हातात येणारी रक्कम कोणत्या कामासाठी आणि साधारण कोणत्या तारखेला लागणार आहे? तिसरा, विकण्यावाचून त्याच अडचणीतून सुटण्याचा दुसरा मार्ग आहे का, आणि असल्यास तो आपण खरोखर तपासला आहे का? चौथा प्रश्न सर्वांत अवघड असतो: सही करणाऱ्या प्रत्येकाचे कारण एकच आहे का?

हा चौथा प्रश्न वगळल्यामुळे व्यवहार मोडतात असा माझा अनुभव आहे. नवरा म्हणतो, मोठे घर घेऊ. बायकोला हवे असते माहेरच्या जवळचे घर. आणि दोघांपैकी कोणीही ते मोठ्याने बोललेले नसते. मग विसार (आगाऊ रक्कम) घेतल्यावर, साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक कराराचा, मसुदा समोर आल्यावर ताब्याच्या तारखेवरून भांडण सुरू होते. खरेदीदाराला त्यात ‘विक्रेते डळमळीत आहेत’ एवढेच दिसते आणि तो किंमत पाडतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच बिघडणार नाही’ असे आले तर तुमच्याकडे वेळ आहे, आणि घराच्या बाजारात वेळ हाच पैसा वाढवतो. उत्तर ‘बँक जप्ती आणेल’ असे आले तर वेळ नाही, मग किमतीत लवचिकता ठेवावीच लागेल. पूर्ण किंमत, झटपट सौदा आणि एकरकमी पैसे हे तिन्ही एकाच खरेदीदाराकडून मिळाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. दोन मिळाले तर समाधान मानावे, आणि ती दोन कोणती हे कारणाने ठरवावे.

मोठे घर हवे म्हणून

हे सर्वांत सरळ आणि सर्वाधिक आढळणारे कारण आहे. दादर-गिरगावातून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे किंवा पुण्यातील पेठांतून कोथरूड आणि पुढे बावधनकडे सरकलेल्या कुटुंबांच्या कहाणीत एका खोलीत न मावणारे दोन संसार हाच मुद्दा पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. येथे विक्री हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम खरेदीचे असते, आणि खरी गफलत या दोहोंच्या क्रमात होते.

आधी विकावे की आधी घ्यावे? जुने घर विकून त्याच पैशातून नवे घेणार असाल तर आधी विकणे सुरक्षित आहे. मात्र ताबा देण्याची तारीख साठेखतातच पुरेशी पुढची लिहून घ्यावी, अन्यथा मधल्या काळात भाड्याचे घर, दोनदा सामानाची हलवाहलव आणि मुलांची शाळा अशी ओढाताण होते. आधी घ्यायचे असेल तर दोन घरांचे हप्ते किमान आठ-दहा महिने सोसण्याची तयारी हवी. ती तयारी नसलेले लोक शेवटी पहिले घर पडत्या भावात सोडतात.

कराचा हिशेबही याच कारणाशी बांधलेला आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून येथे लोकांच्या तोंडी बसलेला जुना क्रमांक, म्हणजे कलम ५४, वापरतो. घर २४ महिन्यांहून अधिक काळ तुमच्याकडे असेल तर होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. तो नफा तुम्ही विक्रीच्या आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत घेतलेल्या निवासी घरात, अथवा तीन वर्षांत बांधलेल्या घरात गुंतवला, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही. अनेकांचा समज असतो की विक्रीची सगळी रक्कम गुंतवावी लागते. जुने घर विकून नवे घर घेताना फक्त नफा गुंतवणे पुरेसे असते. या सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे, जी बहुतेक वाचकांना अडणारी नाही. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत नवे घर ठरले नसेल तर ती रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी. साध्या बचत खात्यात पडून राहिलेले पैसे या सवलतीला पात्र ठरत नाहीत. आणि नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर मिळालेली सवलत हातची जाते.

२३ जुलै २०२४ पासून कराचा दर महागाई निर्देशांकाशिवाय, म्हणजे मूळ किंमत महागाईनुसार वाढवून न धरता, १२.५ टक्के झाला. त्या तारखेपूर्वी घर घेतलेल्या निवासी भारतीय व्यक्तींना मात्र जुन्या पद्धतीचा, म्हणजे निर्देशांकासह २० टक्क्यांचा, हिशेबही करून पाहता येतो आणि ज्याने कर कमी बसेल तो धरता येतो. समजा २०१०-११ मध्ये ३० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये एक कोटीला विकला. साध्या हिशेबाने ७० लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के म्हणजे ८ लाख ७५ हजार रुपये कर होतो. त्या दोन वर्षांचे निर्देशांक १६७ आणि ३७६ असल्याने ३० लाखांची वाढीव किंमत सुमारे ६७ लाख ५४ हजार होते, नफा साधारण ३२ लाख ४६ हजार उरतो आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ६ लाख ४९ हजार रुपये येतो; अधिभार आणि उपकर वेगळे. दोन हिशेबांतील हा सव्वादोन लाखांचा फरक पाहिला, म्हणजे सनदी लेखापालाची फी जड वाटत नाही.

भावंडांत वाटणी करायची म्हणून

वडील गेले, आई गेली आणि घरात आता कोणी राहत नाही, किंवा एकच भाऊ राहतो आणि बाकीचे हिस्सा मागतात. बाहेरून हे विक्रीचे कारण दिसते. प्रत्यक्षात हा हिशेबाचा आणि बऱ्याचदा मानापमानाचा प्रश्न असतो. म्हणून येथे घाई करू नये, आणि एजंटला तर मुळीच आधी बोलावू नये.

सर्वप्रथम वारसांची यादी करावी. वडील हिंदू असून मृत्युपत्र न करता गेले आणि फ्लॅट त्यांच्या स्वकष्टाचा असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास तीही, असे सारे पहिल्या वर्गाचे वारस समान हिश्शाचे धनी होतात. आजीचे नाव जवळपास प्रत्येक कुटुंब विसरते. लग्न झालेल्या मुलीचे नाव विसरले जात नाही, ते सोयीने बाजूला ठेवले जाते. तिचा हक्क लग्नाने संपत नाही, आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीनंतर ती मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मतः हक्क असलेली वाटेकरी, आहे. आधी वारलेल्या मुलाची पत्नी आणि मुले त्याच्या जागी उभी राहतात. यांपैकी कोणी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर त्याचा हिस्सा विकण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीची गरज पडू शकते. हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. संस्थेच्या दफ्तरी थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे, तेव्हा घर त्याचेच, असे गृहीत धरून व्यवहार सुरू झालेले मी पाहिले आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते. कायमचे सभासदत्व मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त दाखवल्यावर ज्याचा हक्क सिद्ध होतो त्याला मिळते. नॉमिनी हा इतरांच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त होय, एवढे सर्वांना समोरासमोर समजावून सांगितले तर निम्मी कटुता कमी होते.

त्यानंतरच विक्रीचा प्रश्न घ्यावा, आणि त्याआधी त्याचा पर्यायही. एका भावाला घर ठेवायचे असेल तर बाकीच्यांनी त्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे आणि त्याने ठरलेली रक्कम बँकेतून द्यावी. रक्कम देऊन हक्क सोडला जात असेल तर मुद्रांक शुल्क आणि कर यांचा विचार बदलतो, म्हणून मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा. साध्या कागदावर सह्या घेऊन ‘आपसांत मिटले’ म्हणणे म्हणजे भांडण पुढच्या पिढीकडे ढकलणे. एखाद्या वारसाने आपला हिस्सा परस्पर बाहेरच्या माणसाला विकायचे ठरवले तर उरलेल्यांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो, हेही लक्षात ठेवावे.

घर तिऱ्हाइताला विकायचेच ठरले तर किमान किंमत, एजंटची दलाली, थकीत देखभाल शुल्क आणि आजवर कर व दुरुस्ती कोणी भरली, हे आधी लिहून त्यावर सर्वांनी सही करावी. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च यात धरायचा की नाही हा प्रश्न निघतोच. तो निघणार आहे हे गृहीत धरून पहिल्याच बैठकीत मांडावा. खरेदीदाराकडून प्रत्येकाच्या हिश्शाची रक्कम त्याच्याच खात्यात वेगळी घ्यावी. त्यामुळे प्रत्येकाचा नफा वेगळा मोजला जातो आणि प्रत्येकाला आपल्यापुरती कलम ५४ ची सवलत घेता येते. वारसाने मिळालेल्या घरात मूळ किंमत वडिलांनी दिलेली धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य घेता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल हवा. मालकीचा काळही वडिलांच्या खरेदीपासून मोजला जातो, त्यामुळे वडील गेल्यानंतर चार महिन्यांत घर विकले तरी नफा बहुधा दीर्घकालीनच ठरतो.

जिना चढवत नाही, मुले दूर आहेत

तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती पुण्याच्या पेठांत, ठाणे-डोंबिवलीत आणि नाशिकच्या जुन्या भागात असंख्य आहेत. चाळिशीत घेतलेला तिसरा मजला सत्तरीत तुरुंग होतो. हे कारण खरे आहे, आणि ते मनाशी कबूल करायला लोक फार वेळ लावतात. मग पडणे-मोडणे झाल्यावर, रुग्णालयाच्या बिलासह, तेच घर घाईने विकावे लागते. जिन्याचा त्रास सुरू झाला त्याच वर्षी हा प्रश्न घ्यावा.

पर्याय चार आहेत. त्याच परिसरात तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत लहान घर घेणे हा त्यातला सर्वांत चांगला, कारण डॉक्टर, देऊळ, भाजीवाला आणि गप्पांचा कट्टा तोच राहतो. दुसरा, घर भाड्याने देऊन स्वतः भाड्याच्या सोयीच्या घरात जाणे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत करावा आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. तिसरा, ६० वर्षांवरील व्यक्तींसाठीचे रिव्हर्स मॉर्टगेज, ज्यात राहत्या घरावर बँक रक्कम देते आणि हयातीत घर सोडावे लागत नाही. आपल्याकडे ते रुळले नाही, कारण मुलांना घर न ठेवण्याची कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. तरीही ज्यांना घर प्रिय आहे आणि पेन्शन नाही, त्यांनी बँकेत जाऊन निदान चौकशी करावी.

चौथा पर्याय सांगताना मी कठोर होतो. आपले घर विकून सारी रक्कम मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये घालायची आणि तेथे राहायला जायचे, असा विचार असेल तर त्या फ्लॅटच्या करारनाम्यात आई-वडिलांचे नाव सहमालक म्हणून घालावे. ‘आपल्याच मुलाकडे कागद काय मागायचा’ हे वाक्य मी ऐकले आहे, आणि पाच वर्षांनी त्याच माणसाला कागद शोधताना पाहिले आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती अट दस्तात असल्यास दाद मागणे सोपे जाते, आणि रोख मदत म्हणून दिलेल्या पैशाला तो आधार क्वचितच मिळतो.

मुले परदेशी स्थायिक आहेत आणि घर त्यांच्या नावावर आहे, अशी स्थिती असेल तर विक्रीची तयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला नफ्यावर नव्हे, तर साधारणपणे पूर्ण किमतीवर कर कापून ठेवावा लागतो. तो कमी करण्यासाठी आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आगाऊ घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही अनिवासींना नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे मुद्रांकित करून घ्यावे. मिळालेले पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातील रुपयांच्या) खात्यात जमा होतात आणि कर भरल्यानंतर वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

कर्ज आणि आजारपण

ज्याला हप्ता झेपत नाही त्याने लपून राहू नये. सलग ९० दिवस हप्ता थकला की कर्जखाते अनुत्पादक (एनपीए) ठरते, आणि त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. त्या नोटिशीनंतर घर विकताच येत नाही असे नाही, पण बँकेची लेखी परवानगी लागते आणि खरेदीदार तुमची अडचण जाणून बोलतो. लिलावात मिळणारी किंमत ही बहुधा तुम्ही स्वतः विकून मिळवाल त्यापेक्षा कमी असते. म्हणून दुसरा हप्ता चुकण्याच्या आधीच शाखा व्यवस्थापकाला भेटून मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, हे विचारावे. नाही झाले तर घर बाजारात आणावे.

कर्ज असलेले घर विकणे अवघड नाही. बँकेकडून कर्जाच्या उर्वरित रकमेचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी घ्यावी. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट रक्कम देते, तुमची बँक कागद सोडते आणि संस्थेतील शेअर सर्टिफिकेटवरचा बोजाही उतरवला जातो. चढउतार दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. अशा विक्रीत किमतीपेक्षा खरेदीदाराचे स्वतःचे कर्ज मंजूर झाले आहे का, याला अधिक वजन द्यावे. दोन लाख जास्त देणारा पण कर्ज न मिळणारा ग्राहक तीन महिने खातो, आणि तेवढ्यात तुमचे व्याज चढत राहते.

आजारपणासाठी विक्री करताना आणखी एक सावधगिरी घ्यावी. विकणारी व्यक्ती रुग्ण असेल तर ती नोंदणीसाठी येऊ शकेल का, हे आधी पाहावे. गरज पडल्यास निबंधक कार्यालयाला विनंती करून घरी किंवा रुग्णालयात दस्ताची नोंदणी करून घेता येते. नुसती सही करून ठेवलेल्या दस्तावरही विसंबू नये, कारण तो नोंदणीसाठी सहीपासून चार महिन्यांच्या आत सादर करावा लागतो.

इमारतीचा कंटाळा

गळती, पाणीटंचाई, पार्किंगवरून रोजची कटकट, वरच्या मजल्यावरचा पोरांचा धुडगूस. या कारणाने घर विकणारे लोक नवीन ठिकाणी गेल्यावर वर्षभरात पुन्हा तक्रार करताना दिसतात, हे स्पष्टच सांगतो. समितीच्या बैठकीला एकदाही न आलेला सभासद समितीच्या कारभारामुळे घर विकत असेल तर त्याने आधी एक वर्ष समितीवर काम करून पाहावे.

पुनर्विकास ही वेगळी बाब आहे. इमारत तीस वर्षांची झाली की कुजबूज सुरू होते आणि विक्रेता दोन टोकांना सापडतो: आज विकले तर जुन्या घराची किंमत मिळते, थांबले तर नव्या मोठ्या घराची आशा असते. येथे बातमीवर नव्हे, कागदावर विश्वास ठेवावा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. ती सभा झाली का, प्रकल्प सल्लागार नेमला का, संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी संस्थेकडे येणे, कन्व्हेयन्स) झाले आहे का, हे तीन प्रश्न सचिवाला विचारावेत. तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर पुनर्विकास अजून चहाच्या टपरीवरचाच आहे आणि त्यासाठी विक्री थांबवू नये. विकासकाशी करार झाला असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय विकू नये, कारण भाडे, कॉर्पस (विकासक सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम) आणि वाढीव क्षेत्र हे सारे हक्क खरेदीदाराकडे कसे जातील हे करारात नीट लिहावे लागते.

संरचनात्मक तपासणीचा अहवालही पाहून ठेवावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. जाणकार खरेदीदार तो अहवाल मागतोच.

उरलेली कारणे थोडक्यात. बदलीमुळे विकत असाल आणि पुन्हा त्याच शहरात येण्याची शक्यता असेल तर निदान दोन वर्षे घर भाड्याने देऊन पाहावे. घटस्फोटात घर दोघांच्या नावावर असेल तर विक्रीची रक्कम कशी वाटायची हे परस्परसंमतीच्या अर्जात लिहिल्याशिवाय विसार घेऊ नये. गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा रिकामा फ्लॅट विकताना नवे घर घ्यायचे नसेल, तर नफ्यातील कमाल ५० लाख रुपये सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या संस्थांच्या पाच वर्षे मुदतीच्या करबचत रोख्यांत ठेवता येतात.

‘का विकताय?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे

खरेदीदार पहिल्याच भेटीत हे विचारतो, आणि त्याला खरे म्हणजे दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: घरात खोट आहे का, आणि तुम्ही घाईत आहात का. पहिलीचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा आणि विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. गळतीवर रंग मारून घर दाखवू नये. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापुरात किंवा २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूण-महाडमध्ये पाणी कुठवर आले होते हेही लपवू नये. तुम्ही नाही सांगितले तरी समोरचा पानवाला सांगतो.

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘मुलाची फी १५ तारखेला भरायची आहे’ किंवा ‘नव्या घराला टोकन देऊन बसलो आहे’ अशी वाक्ये उच्चारू नयेत. ‘मोठ्या घरात जायचे आहे’, ‘मुलांजवळ राहायला जाणार आहोत’ एवढे उत्तर खरेही असते आणि पुरेसेही. घरातील प्रत्येकाने हेच उत्तर द्यावे. मी पाहिलेल्या एका व्यवहारात विक्रेता बैठकीत शांतपणे किंमत धरून बसला होता आणि चहा देता देता त्याच्या वडिलांनी ‘लवकर होऊ दे बाबा, बँकवाले रोज फोन करतात’ असे म्हटले. पुढच्या दहा मिनिटांत तीन लाख गेले.

कारण कोणतेही असो, ही तयारी करावी

घराच्या मालकीची साखळी, म्हणजे बिल्डरच्या पहिल्या करारापासून तुमच्यापर्यंतचे सारे नोंदणीकृत दस्त आणि त्यांचे सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), एका फाइलमध्ये लावावे. एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, या क्रमाने काम करावे. याला महिना-दीड महिना सहज जातो. त्याच फाइलमध्ये शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कर आणि वीज यांच्या अलीकडच्या पावत्या ठेवाव्यात.

किंमत ठरवताना परिसरातील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांचे सूची क्रमांक दोन पाहावेत, जाहिरातींतील आकडे पाहू नयेत. वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (सरकारी रेडी रेकनरनुसार) येणारे मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल तर कर त्या मूल्यावर मोजला जातो, त्यामुळे ‘काही रक्कम रोख द्या, कागदावर कमी दाखवू’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. तो कापला गेला की त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

संस्थेला हस्तांतरणाची १५ दिवसांची सूचना द्यावी. महापालिका क्षेत्रातील संस्था हस्तांतरण अधिमूल्य म्हणून २५ हजारांहून अधिक मागू शकत नाही. याउप्पर ‘स्वेच्छा देणगी’ मागितली गेली तर ती मागणी लेखी द्यायला सांगावी, मग ती बहुधा केली जात नाही. दलालीचा दर आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, हे घर दाखवायला सुरुवात होण्याआधीच एजंटशी लेखी ठरवावे.

खरेदीखताची नोंदणी झाली, पैसे खात्यात आले आणि ताबा दिला की त्याच दिवशी ताबापावतीवर वीजमीटरचे वाचन लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, संस्थेच्या देखभाल शुल्काची त्या तारखेपर्यंतची पावती जोडावी आणि विक्रीच्या दस्ताची, दलालीच्या पावतीची आणि मूळ खरेदीच्या दस्ताची एक-एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण विवरणपत्र भरताना याच तीन कागदांची गरज लागते. रोख्यांची सहा महिन्यांची मुदत आणि नव्या घराची दोन वर्षांची मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजून घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.